फणसाडला शेकरू बघायला जायचंय, सोबत बाबा (७१) आणि लेक (९)

सुरंगी

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मुरूडच्या बाजूला जायचं ठरतंय. सोबत माझे बाबा आणि लेक. काशीदचा समुद्र सगळ्यांना माहीत असतो, पण लेकीला शेकरू बघायचंय. शाळेत राज्यप्राणी, राज्यपक्षी, राज्यफुलपाखरू शिकवलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेकरू, हरियाल आणि ब्ल्यू मॉरमॉन ही तिन्ही एकाच जंगलात दिसू शकतात असं तिला कुणीतरी सांगितलं, आणि तिने वहीत तीन चौकोन आखून ठेवलेत.

बाबांचं लहानपण महाडकडच्या खेड्यात गेलं. झाडं ते सालीवरून ओळखतात. पण उजवा गुडघा त्रास देतो. सपाटीला एक-दीड किलोमीटर सावकाश चालतील, चढउतार नको.

फणसाडबद्दल विचारलं तर दोन टोकांची मतं ऐकायला मिळाली. एक म्हणतात, काही दिसत नाही, नुसती पायपीट. दुसरे म्हणतात, इतकं सुंदर रान मुंबईच्या इतक्या जवळ दुसरं नाही. माझ्या ओळखीचं एक कुटुंब तिथे सकाळी अकराला पोचलं, दीड वाजेपर्यंत फिरलं आणि वानरं बघून परत आलं.

मला नेमकं हे हवंय: म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन गेलं तर आत कुठे, किती वेळ, कसं थांबावं? शेकरू खरंच दिसतं का? की त्यांना घेऊन जाणंच चुकीचं आहे?

निवांत_पेणकर

गुडघ्याचा प्रश्न असेल तर फणसाडऐवजी कर्नाळ्याचा विचार करा. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे, गाडीतून उतरलं की रान सुरू. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य आहे आणि फार मोठंही नाही. खालच्या वाटा सोप्या आहेत, किल्ल्याकडे चढायचं नाही एवढंच. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी आणि आरडाओरडा फार, तेव्हा मधल्या वारी जा. मुलीला पक्षी भरपूर दिसतील.

भरतीओहोटी

सुरंगीताई, घेऊन जाणं मुळीच चुकीचं नाही. उलट तुमच्यासारखी सावकाश चालणारी मंडळी या रानाला जास्त मानवतात. मी रेवदंड्याकडची. लग्नाआधीपासून फणसाडला जातेय, आता भाचरांना घेऊन जाते. थोडं सविस्तर लिहिते, कारण "काही दिसत नाही" हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आधी हे रान काय आहे ते. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं राखीव रान. म्हणून ते तोडीतून वाचलं. १९८६ साली अभयारण्य झालं. वाघ नाही, जिप्सी सफारी नाही. समुद्रापासून थोड्याच अंतरावर डोंगर उठतो आणि त्यावर हे जंगल आहे. काही भाग अगदी दाट, वर मोकळे माळ, आणि मध्ये मध्ये पाणी साठणाऱ्या जागा. या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. चिखलगाण, धरणगाण अशी नावं ऐकू येतील.

आता माणसं काय करतात? ताडोबा डोक्यात ठेवून येतात. चालत राहिलं की काहीतरी समोर येईल असं त्यांना वाटतं. दाट रानात चालणारा माणूस सगळ्यांना आधी कळतो. सुक्या पानांवर चार जणांची पावलं वाजली की भेकर केव्हाच निघून गेलेलं असतं, शेकरू खोडाच्या मागच्या अंगाला चिकटून बसतं आणि आपण खालून पुढे जातो.

माझं सांगणं एकच आहे. प्राणी शोधू नका, फळलेलं झाड शोधा आणि त्याच्यापुढे बसा.

गेटवर नोंद करताना किंवा गावातला वाटाड्या ठरवताना पहिला प्रश्न "बिबट्या दिसेल का" असा करू नका. "सध्या कुठला उंबर पिकलाय?" असं विचारा. बघा त्या माणसाचा चेहराच बदलतो. जे रोज रानात जातात त्यांना हे पक्कं माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही. उंबर, वड, पिंपरी ही झाडं सगळी एकाच वेळी पिकत नाहीत. एका उंबराची फळं संपतात तेव्हा पलीकडच्या ओढ्यावरचा भरात असतो. त्यामुळे जवळपास कुठल्याही महिन्यात रानात कुठेतरी जेवणावळ चालूच असते. ती सापडली की तुम्हाला फिरायची गरज नाही. हरियालांचा थवा तिथे, तांबट तिथे, बुलबुल तिथे, नशीब असेल तर धनेश तिथे. वानरं वर निम्मं खातात आणि निम्मं सांडतात. त्या खाली पडलेल्या फळांवर भेकर आणि रानडुकरं येतात. रात्री त्याच झाडावर वटवाघळं आणि उदमांजरं. तुम्ही सकाळी गेलात तरी खाली उष्टी फळं, लेंड्या, उकरलेली माती दिसेल, आणि ती वाचायला बाबांसारखं माणूस हवंच.

फेब्रुवारीअखेर म्हणजे सावर फुललेली असते, पळसही. पानं नसलेल्या सावरीवर लाल फुलं आणि त्यावर मध पिणाऱ्यांची झुंबड. मैना, कोतवाल, शिंजीर, पर्णपक्षी, वानरंसुद्धा. उंबर नाही सापडला तर सावरीपुढे बसा. पानं नसल्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला दुर्बिणीशिवायही सगळं दिसेल. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "तो बघ, तिथे, त्या फांदीच्या मागे" असं चार वेळा झालं की मुलं कंटाळतात.

शेकरूबद्दल. दिसतं. मात्र वेळ पाळा. ते पूर्ण दिवसाचं जनावर आहे, पण भर दुपारी आडवं होतं. उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, आणि मग चार वाजल्यानंतर. तुमच्या ओळखीचं कुटुंब अकरा ते दीड फिरलं, ती नेमकी सगळ्या रानाच्या विश्रांतीची वेळ. त्यात रानाचा काय दोष?

आधी घरटी शोधा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, जिथे दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंततात, तिथे काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसतो. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कुणी आहेच असं नाही, पण इलाखा त्याचा हे नक्की. मग कान द्या. शेकरूचा आवाज हा सलग कर्कश खडखडाट असतो. प्रथम ऐकणारा तो पक्ष्याचा समजतो.

आणि खाताना दिसलं तर मुलीला सांगा की हलू नकोस, अगदी बोटही दाखवू नकोस. मागच्या दोन पायांनी फांदी घट्ट धरून ते उलटं लोंबकळतं. झुपकेदार शेपूट एका बाजूला सोडलेली, तोल तिच्यावर. पुढचे दोन पंजे मोकळे. त्यात शेंग धरून ती गरागरा फिरवतं, दातांनी साल काढतं, टरफलं टप टप खाली पडत राहतात. मी एकदा नुसत्या त्या टपटपीवरून वर बघितलं तर डोक्यावर होतं, लालसर तपकिरी पाठ आणि पिवळसर पोट. पाच-दहा मिनिटं एकाच जागी खात राहतं. त्यानंतर उडी. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस-वीस फूट. जमिनीवर उतरणं त्याला नकोच असतं.

म्हणूनच जिथे झाडांचे माथे अजून एकमेकांना टेकलेत, तिथेच बसा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली किती जुनी झाडं आडवी झाली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. रायगडच्या किनाऱ्यावर आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या गेल्या, तशीच रानातली मोठी झाडं गेली. काही ठिकाणी वर आकाश उघडं पडलं आणि खाली झुडूप माजलं. अशा मोकळ्या तुकड्यात फुलपाखरं छान मिळतात, शेकरू नाही. ज्यांना रान भकास वाटलं त्यातले काही जण अशाच तुकड्यात फिरले असतील.

बाबांसाठी: घडीचं हलकं स्टूल घ्या. पाठीला झोळी लावता येते तसलं. दीड तास जमिनीवर बसून उठणं दुखऱ्या गुडघ्याला जमत नाही, आणि दगडावर बसायचं तर आधी खाली काठी फिरवून बघावं लागतं. सुपेगावच्या बाजूने आत शिरलं की थोड्या अंतरावरच बसण्याजोग्या जागा आहेत. जवळचं गाण कोणतं आणि तिथवर वाट किती सपाट आहे हे वाटाड्याला निघण्याआधीच स्पष्ट विचारा, आणि "माझे वडील गुडघ्याचे आहेत, आम्हाला बसायचंय, फिरायचं नाही" हेही सांगा. नाहीतर तो बिचारा तुम्हाला पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळं रान दाखवायला निघेल.

पाणकावळा

भरतीओहोटी यांनी छान लिहिलंय, फक्त एका गोष्टीत माझं मत थोडं वेगळं. फेब्रुवारीच्या शेवटी ओढे आटायला लागलेले असतात, तेव्हा मी झाडापेक्षा पाण्यावर बसेन. फळाचं झाड सापडेलच असं नाही. गाण कुठे हलत नाही. खरी मजा एप्रिल-मेमध्ये, पण तेव्हा किनाऱ्यावरची दमट उष्णता म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही.

दोन काळजीच्या गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो.

पहिली खाजकुयली. या दिवसांत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात. वाटेच्या कडेला वेलीवर तपकिरी, मखमली लव असलेल्या, जरा वाकड्या शेंगा लोंबताना दिसतील. मुलांना हात लावावासाच वाटतो. ती लव कातडीत शिरली की पुढचे दोन तास रडारड. चोळायचं नाही, पाणी टाकून पसरवायचं नाही. चिकटपट्टी दाबून ओढून काढायची, मग धुवायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट, दोघांनाही.

दुसरं फुरसं. जांभ्या दगडाच्या आणि पालापाचोळ्याच्या कोकणात ते असणारच. लहानसा साप, रंग मातीचा, आणि वाटेत पडलेला असतो तो हलत नाही. सॅंडल नको, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, पडलेलं लाकूड उचलून बघायचं नाही. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. साप आपल्या वाटेला येत नाही.

आणि एक दिवस रानाचा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर थांबा. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बघा. घारीच्या दुप्पट वाटेल इतका मोठा, खालून पांढराशुभ्र, पंखांच्या कडा काळसर, उडताना पंख वर उचललेले. मासे धरतो आणि समुद्रसापही. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरतो. राहत्या ठिकाणी कोळी मंडळींना विचारा, त्यांना माहीत असतं. बाबांना हे गाडीच्या बाजूला खुर्ची टाकूनही बघता येईल.

सुरंगी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना वाचून दाखवलं. उंबराचं ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे, आम्हीही रानात गुरं घेऊन गेलो की उंबराखालीच थांबायचो." आता त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त उत्साह आलाय.

कर्नाळा पावसानंतर करू, पेणकर. यावेळी फणसाडच.

आणखी काही शंका. लेकीला दीड तास गप्प बसवायचं कसं? दुर्बीण घ्यायची तर कोणती? मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवले की पक्षी जवळ येतात असं एकाने सांगितलं, ते करावं का? आणि बिबट्याची भीती किती धरायची? आईने तेवढ्यासाठी येणं रद्द केलंय.

भरतीओहोटी

आवाज अजिबात वाजवू नका. नर पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो खाणं सोडून, पिल्लं असतील तर पिल्लं सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते. त्यातून लहान मुलांसमोर तर नकोच. तिला खरा आवाज ओळखायला शिकवा, ते जास्त दिवस टिकतं.

तीन आवाज आधी घरी तोंडाने करून दाखवा, बाबांना येत असतील. वानराचा धोक्याचा आवाज, म्हणजे खोकल्यासारखं तुटक "खॅक, खॅक". भेकराचं भुंकणं, अगदी कुत्र्यासारखं, पण कुत्रं सलग भुंकतं आणि भेकर एकेक भुंक सुटी काढतं, मध्ये अंतर ठेवून, बराच वेळ. आणि सांबराचा भोंग्यासारखा एकच मोठा आवाज. हे तीन ऐकू आले की बिबट्या दिसला नाही तरी तो कुठून कुठे चाललाय ते बसल्या जागेवरून कळतं. वानर इथे ओरडलं, मग पलीकडच्या वळणावर दुसरी टोळी ओरडली, मग ओढ्याकडे भेकर. मुलीला वहीत रानाचा साधा नकाशा काढायला लावा आणि जिथून आवाज आला तिथे ठिपका. दीड तास कसा गेला तिला कळणार नाही. माझ्या भाच्याला मी असंच गप्प केलं होतं. तो एरवी पाच मिनिटं एका जागी टिकत नाही.

बिबट्याचं म्हणाल तर आहे, पण दिवसा माणसाच्या चाहुलीने तो बाजूलाच होतो. मूल मोठ्यांच्या मध्ये ठेवायचं, एकटं पुढे पळू द्यायचं नाही, आडोशाला एकटं जाऊ द्यायचं नाही, अंधार पडायच्या आत बाहेर. आईंना सांगा, आम्ही बायका-बायकाही जातो.

दुर्बीण ८ गुणिले ४२ ची घ्या. ८ म्हणजे आठ पट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दाट झाडीत सकाळी उजेड कमी असतो, तिथे मोठं भिंग उपयोगी. जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं, लहान मुलाच्या हातात तर फारच. आणि घरीच दोन दिवस सराव: आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तूवर नजर रोखायची, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. बहुतेक मुलं आधी दुर्बीण लावतात आणि मग रानभर शोधत बसतात.

पाणकावळा, गाणावर बसायचं तुमचं म्हणणं उन्हाळ्यात अगदी मान्य. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखात्याची गणना मचाणावरून पाण्याशीच होते, ते उगाच नाही. पण फेब्रुवारीत पाणी अजून चार ठिकाणी असतं, जनावरं विभागलेली असतात. म्हणून मी झाड म्हणाले. खाजकुयलीचं सांगितलंत ते फार बरं केलंत.

काठावरचा

मध्येच विचारतो, गिधाडं दिसतात का हो फणसाडला? लहानपणी मुरूडला आत्याकडे जायचो तेव्हा नारळाच्या माडांवर ओळीने बसलेली आठवतात.

पाणकावळा

पांढऱ्या पाठीची गिधाडं ती. जनावरांना दुखण्यावर द्यायचं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर थव्यांचे थवे संपले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. रायगडमध्ये म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या लोकांनी आपल्या झाडांवरची घरटी जपली, म्हणून दक्षिणेकडे ती अजून बघायला मिळतात. फणसाडलाही त्यांच्यासाठी प्रयत्न झालेत. एका सकाळीत दिसतील असं सांगून कुणाची आशा वाढवणार नाही, पण माळावर गेलात तर मान वर करून बघत जा. घार आणि गिधाड यातला फरक सोपा आहे: घारीची शेपूट खाचेची, गिधाडाची आखूड, आणि गिधाड पंख न हलवता किती वेळ तरंगतं ते पाहून खात्री पटते.

निवांत_पेणकर

रस्त्याचं कुणी लिहिलं नाही. पेण-अलिबाग-रेवदंडा, मग साळावचा पूल ओलांडून मुरूड रस्ता. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रोने आलात तर वडखळची कोंडी टळते, बाबांनाही बरं. शनिवार-रविवारी काशीदच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागते. सकाळी साडेसहाला रानाच्या दारात हवं असेल तर आदल्या रात्री जवळच मुक्काम करा. मोबाईलला आत रेंज फारशी धरू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी सांगून ठेवा.

सुरंगी

मुक्काम जवळच करतोय, आणि मधल्या वारी. वनखात्याच्या तंबूंची चौकशीही केली, पण बाबांना रात्री उठावं लागतं म्हणून खोलीच बरी.

शेवटचा प्रश्न बाबांचा. त्यांच्या आजीच्या घरी गारंबीची मोठी बी होती, तपकिरी, चकचकीत, तळहातात मावेल एवढी. ते म्हणतात या रानात गारंबीचा वेल नक्की असणार. लेकीला दाखवायचाय.

भरतीओहोटी

आहे तर! मुरूडजवळच्या एका जागेला नावच गारंबी आहे. बाबांना सांगा, वेल म्हणून बारीक काही शोधू नका. माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळा पडलेला, एका झाडावरून दुसऱ्यावर असा गेलेला असतो की त्याचं मूळ आणि शेंडा एकाच जागेवरून दिसत नाहीत. शेंग हातभर नाही, त्याहूनही लांब, चपटी, प्रत्येक बीचा कप्पा वेगळा फुगलेला. वाळली की एकेक कप्पा सुटून पडतो. बी पोकळ जागेमुळे पाण्यावर तरंगते. पावसात ओढ्याने वाहत खाडीत, खाडीतून समुद्रात, आणि समुद्रातून कुठल्या कुठे दूरच्या किनाऱ्याला लागते. समुद्राकाठच्या रानात हा वेल एवढा का, याचं उत्तर मुलीने ओढा आणि समुद्र एका दिवसात बघितला तर तिलाच सापडेल.

बी जागेवरच राहू द्या. अभयारण्यातून पान, बी, पीस काहीही बाहेर न्यायला कायद्याने मनाई आहे. बाबांना झाडाखाली एखादी सापडली तर लेकीच्या तळहातावर ठेवून बघू द्या, वहीत तिच्याभोवती पेन्सिल फिरवून आकार काढून घ्या आणि होती तिथे ठेवा.

ब्ल्यू मॉरमॉनचा चौकोन भरायचा तर साडेनऊनंतर ऊन पडलेल्या वाटेवर, ओलसर मातीपाशी थांबा. मोठं काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा. लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं, त्यामुळे राहत्या जागेच्या मागच्या वाडीत लिंबू असेल तर तिथेही नजर ठेवा. हरियालसाठी अगदी पहाटेची उन्हं उंच, निष्पर्ण फांदीवर पडतात तेव्हा वर बघायचं. थवा अंग शेकत बसलेला असतो, हालचाल नाही, पिवळे पाय दिसले की झालं. म्हणजे क्रम असा: आधी हरियाल, मग उंबरापुढे बैठक आणि शेकरू, ऊन चढलं की फुलपाखरू, साडेदहाला बाहेर. संध्याकाळी चारला पुन्हा तीच जागा. सकाळी काही आलं नसेल तरी झाड बदलू नका, पिकलेलं आहे ना, मग येणारे येतात.

पाणी जास्त घ्या, बाबांच्या गोळ्या खिशात, आणि खाण्याचा डबा वानरांपुढे उघडू नका.